बाबांच्या मांडीवरचा फोटो

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो. एका फोटो स्टुडिओच्या खणात, वाळलेल्या शाईच्या बाटल्यांशेजारी पडून असतो. माझ्या टोकाला जेमतेम दहा-बारा केस. पण माझं कामच तेवढं बारीक होतं.

माझ्या मालकांना सगळे फोटोकाका म्हणत. माझ्याकडून ते फोटोतले मुरूम, व्रण, कपाळावरच्या आठ्या पुसून घेत. "काका, तुमच्या हातात जादू आहे!" असं लोक म्हणाले, की मी आपला त्यातलं अर्धं कौतुक स्वतःकडे ठेवून घेई.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या जन्माआधी दोन महिने तिचा नवरा गेला होता. त्याचा ओळखपत्रावरचा फोटो तिनं पुढे केला.

"बापलेकीचा एकत्र फोटो द्याल का करून?"

काका स्वतः खुर्चीत बसले, बाळाला मांडीवर घेतलं आणि तिलाच कॅमेऱ्याचं बटण दाबायला लावलं. मग स्वतःच्या चेहऱ्याच्या जागी त्यांनी बाबांचा चेहरा चिकटवला. मानेपाशी जोड दिसत होता, तो मी ठिपके देत देत बुजवला. फोटो पाहून बाई तोंडावर हात धरून रडली. मला धन्य वाटलं.

पुढे कॉम्प्युटर आला आणि मी खणात गेलो. अशातच एका दुपारी तीच मुलगी, आता दहा वर्षांची, आईबरोबर आली.

"हा फोटो मोठा करून हवाय," ती म्हणाली. "मला आठवतं ना हे! बाबांचा हात खरखरीत होता. ते मला चिऊ म्हणायचे."

काकांनी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. "तुम्हीच सांगा, काका. मला इतकी वर्षं जमलं नाही."

काकांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे ते मला भेटलेच नाहीत? मग फोटोतला हा हात?"

"माझा. फोटो धुण्याच्या औषधांनी खरखरीत झालेला."

फोटो टेबलावर टाकून ती बाकावर पाठ फिरवून बसली. मग बारीक आवाज आला, "चिऊ पण खोटं?"

"नाही गं!" आई तिच्याजवळ सरकली. "तू पोटात होतीस तेव्हा हाक मारायचे. मीच सांगितलं होतं तुला. आणि हात मऊ होते त्यांचे. घड्याळं दुरुस्त करायचे ना."

मुलगी वळली. "अजून सांग."

आई सांगत राहिली. काकांनी आलेल्या गिऱ्हाइकाला बाहेरच थांबवलं.

जाताना मुलीनं फोटोमागे काकांकडून लिहून घेतलं, 'हा जोडलेला फोटो आहे. आईला हवा होता, म्हणून केला.' त्या दिवसापासून काका प्रत्येक जोडलेल्या फोटोमागे तसं लिहू लागले.

मित्रांनो, मी प्रेमानंच जोड लपवला होता, पण त्यात एका मुलीचे खरे बाबा झाकले गेले. फोटो जरूर जपा. पण त्यातली माणसं कशी होती, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि आजच विचारून घ्या. तेवढं मात्र कुठल्याही कुंचल्याला रंगवता येत नाही.