न आलेले आकडे

शनिवारी पेणच्या शाळेत प्रविण म्हात्रेचा सत्कार झाला. हिमाचलात बर्फाचे कडे कधी कोसळतील ते कॉम्प्युटरवर सांगणारा आपला विद्यार्थी, त्याच्या इशाऱ्यामुळे चाळीस जवान वाचले, असं मुख्याध्यापक बोलले. पेपरातही तसंच छापून आलं होतं. प्रविणने मान खाली घालून शाल घेतली. लोकांना तो विनय वाटला.

रविवारी सकाळी तो रोह्याला उतरला आणि पूल ओलांडून अष्टमीत जेकब सरांकडे गेला. सर त्याचे गणिताचे शिक्षक. मुलं इस्रायलला गेली, सर आणि त्यांच्या पत्नी हन्नाबाई मागे राहिले. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे सरांना सत्काराला येणं जमलं नव्हतं. पण पेपरातलं कात्रण शोकेसच्या काचेला चिकटवलेलं होतं.

"बस. आता मला रीत सांग," सर म्हणाले. "यंत्राला बर्फ कळतो कसा?"

प्रविणला हुरूप आला. "सर, बर्फ थराथरांनी साठतो. डोंगरावरच्या चौकीत दोर्जे म्हणून माणूस आहे. तो रोज खड्डा खणतो, एकेका थराचं तापमान नि कठीणपणा मोजून वायरलेसवर कळवतो. ते आकडे आम्ही प्रोग्रॅममध्ये भरतो. आतला एखादा थर खड्या मिठासारखा सुटा झालाय का, ते प्रोग्रॅम गणिताने काढतो. तसा झाला, की वरचा बर्फ घसरलाच."

"आणि आकडे आलेच नाहीत तर?"

सरांनी सहज विचारलं होतं. प्रविणने मात्र हातातला चहाचा कप खाली ठेवला. हन्नाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्या वेळी दोन दिवस वायरलेस बंद होता," तो म्हणाला. "मी आधीचेच आकडे पुन्हा भरले. थंडी एकदम वाढलीय, म्हणजे आतला थर सुटा होत असणार, हे मला ठाऊक होतं. पण साहेबांना सकाळी अंदाज हवा होता. मशीनने 'धोका कमी' सांगितलं, आणि मी खाली सही केली."

"मग ती पोरं वाचली कशी?"

"दोर्जेने अडवली. रस्त्यात आडवा उभा राहिला. अधिकारी त्याला शिव्या देत होते, तरी हलला नाही. अर्ध्या तासात कडा खाली आला. पुढे साहेबांनी पेपरवाल्यांना कॉम्प्युटरचं नाव सांगितलं. मशीन नवं होतं. मी गप्प बसलो."

सर ओरडतील, असं त्याला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काल त्या दोर्जेचं नाव घेतलंस?"

"नाय, सर." इतका वेळ जपून बोलणाऱ्या प्रविणच्या तोंडून घरची बोली निसटली. कानाच्या पाळ्या तापल्या.

"उद्या सोमवार. शाळा भरेल," सर एवढंच म्हणाले आणि उठायला काठी शोधू लागले.

सोमवारी प्रार्थनेनंतर प्रविण माइकपुढे उभा राहिला. जवानांना मी नाही, दोर्जेने वाचवलं, असं त्याने सांगितलं. मुख्याध्यापक लगबगीने पुढे आले. "बघा मुलांनो, मोठी माणसं किती नम्र असतात!" मुलांनी टाळ्या वाजवल्या.

प्रविणने माइक पुन्हा ओढून घेतला. "ही नम्रता नाही. मी जुनेच आकडे पुन्हा भरले होते. माझं ऐकलं असतं तर चाळीस माणसं मेली असती. आणि शनिवारी तुमच्यापुढे मी खोटी शाल घेतली."

मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं आणि मुलांना वर्गात पाठवलं. फाटकापर्यंत त्याच्यासोबत कोणीही आलं नाही.

हेच सगळं त्याने साहेबांना लेखी कळवलं. कॉम्प्युटरचं टेबल गेलं. पुढच्या हिवाळ्यात त्याला दोर्जेच्याच चौकीवर मोजमापं घ्यायला पाठवलं. दोर्जेने काही न विचारता त्याच्या हाती फावडं दिलं. खड्डा कसा खणायचा हे तो शांतपणे दाखवायचा, आणि प्रविण बर्फाकडेच बघत राहायचा. मान वर करून त्या माणसाच्या तोंडाकडे बघायला त्याला कित्येक दिवस लागले.