रिकाम्या खोलीची रेघ

तिला तिथे सगळे फुंकणी म्हणत. नाव मोठ्या तंत्रज्ञांनी, म्हणजे सगळे ज्यांना नुसतं 'मोठे' म्हणत त्यांनी, ठेवलं होतं, आणि आपल्याच विनोदावर ते इतका वेळ हसले होते की पुढे तिचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

काम मात्र खरोखरच फुंकायचं होतं. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एक बिनखिडकीची खोली होती आणि त्या खोलीत एक पेटी होती, जिला सगळे 'नाक' म्हणत. पेटीत नखाएवढे सोळा सेन्सर. माणसाने नळीत श्वास सोडला की त्यातला एकेक वायू एकेका सेन्सरला लागायचा, पडद्यावर रेघा उठायच्या, आणि त्यांच्या चढउतारावरून फुप्फुसात, यकृतात, रक्तात काय बिनसलं आहे याचा अंदाज सुई न टोचता यायचा. फक्त नाकाला रोज सकाळी दोन वास नव्याने शिकवावे लागत: आधी रिकाम्या खोलीची हवा, मग निरोगी माणसाचा श्वास.

निरोगी माणसं पाच हवीत, आळीपाळीने, असा नियम भिंतीवर काचेत लावलेला होता. पहिला महिनाभर पाच जण आलेही. मग डॉक्टरांची सिगारेट आडवी आली, मोठ्यांची साखर आडवी आली, मुख्य परिचारिकेला लिफ्ट असूनही तीन जिने आडवे आले. शिस्तीवर व्याख्यान झोडण्यात यांचा हात कुणी धरला नसता. नळीत फुंकायची वेळ आली की मात्र प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. "तुझं वय आहे, तू फुंक," असं म्हणून सगळे मोकळे झाले. तेव्हापासून चौदा महिने, त्या नळीत श्वास सोडणाऱ्या प्रत्येक रुग्णाची रेघ एकट्या तिच्या रेघेशी ताडून पाहिली जात होती. निरोगी म्हणजे ती. या एका गोष्टीचा तिला अभिमान होता.

सांगायला मात्र कुणी नव्हतं. घरी वडील होते. त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि तिने शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं सोडलं होतं. पस्तीस वर्षं परक्या पोरांना तेच ते न कंटाळता समजावणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीला एकदा 'का गं?' म्हणून विचारता आलं नाही. ते तिचं ताट झाकून ठेवत आणि ती घरात शिरली की आपल्या खोलीत जात. दोन वर्षं ती एका वाक्याची वाट पाहत होती. शिवी असती तरी चाललं असतं.

एका मंगळवारी रिकाम्या खोलीच्या रेघेला उंचवटा आला.

खोलीची हवा ओढायची तर खोलीत कुणी असून चालत नाही. ती बटण दाबून बाहेर यायची, दार ओढून घ्यायची आणि दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहायची. परत आत गेली की पडद्यावर सोळा सपाट रेघा असत. त्या दिवशी सातवी रेघ मधे जराशी उचलली गेली होती. झाडूवाला येऊन गेला असेल, असं तिला वाटलं. पण किल्ली तिच्याकडेच होती.

बुधवारी पाच रेघा उचललेल्या होत्या. गुरुवारी सगळ्या. आणि तो आकार कुणाचा हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण चौदा महिने रोज सकाळी तिने तोच आकार पाहिला होता. आधी हळू चढण, मग दोन खांदे, मग लांब उतार. तिच्यामागे बंद केलेल्या खोलीत, तिच्याशिवाय, तिचा श्वास चालू होता. त्यानंतर तिने नळीत फुंकलं तेव्हा स्वतःची रेघ तिला थोडी ठेंगणी वाटली.

"सेन्सर सरकलेत," मोठे जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाले. "झीरो मारून रेघा सपाट कर आणि पुढे चल."

"मारला. तीनदा. मोठे, तुम्ही एकदाच फुंकून बघा ना. दुसरा माणूस मिळाला तर कळेल, बिघाड पेटीत आहे की माझ्यात."

"माझी साखर दाखवतेस होय सगळ्यांना? फुंकणीनेच फुंकायचं बाई."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "यंत्राला अक्कल शिकवण्याआधी डिग्री पूर्ण करायची होती," एवढं म्हणून त्यांनी पान उलटलं.

तिने नळ्या बदलल्या, गाळणी बदलली, दिवसभर दार सताड उघडं ठेवून पाहिलं. रेघा रोज थोड्या अदलाबदल करत राहिल्या. खोलीची चढत होती, तिची उतरत होती. तिला ना खोकला होता, ना धाप. फक्त लिफ्टमधली माणसं ती उभी असलेल्या कोपऱ्यात सरकू लागली होती आणि धक्का लागला तर कुणी मागे वळून बघत नव्हतं.

रविवारी तिने नमुन्याची एक कोरी पिशवी घरी नेली. न उघडलेली, झडप असलेली, चंदेरी. जेवणाच्या टेबलावर ती ठेवून तिने खाली चिठ्ठी लिहिली: 'बाबा, एकदा यात श्वास सोडून झडप बंद करा. दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.' लिहिताना तिला स्वतःचाच राग आला. दोन वर्षं ताठ ठेवलेली मान शेवटी एका पिशवीसाठी वाकली.

सोमवारी सकाळी पिशवी उशीसारखी टम्म फुगलेली होती.

बसमध्ये ती पिशवी छातीशी धरून बसली. त्यांनी चिठ्ठी वाचली होती. टेबलाशी उभं राहून, गाल फुगवून, तिच्यासाठी फुंकलं होतं. खोलीत पोचल्यावर तिने आधी पिशवीच लावली. रेघा स्वच्छ उठल्या: म्हाताऱ्या माणसाचा साधा, थोडा दमलेला श्वास. म्हणजे पेटी ठीक होती.

मग तिने स्वतः फुंकलं. पोट आत जाईपर्यंत, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत फुंकलं. सोळाच्या सोळा रेघा सपाट राहिल्या. पडद्यावर रोजच्या हिरव्या अक्षरांत आलं: खोली रिकामी.

ती कुणाला न सांगता निघाली. दारात मोठे भेटले, आणि तिच्याकडे न बघता आत जात, रिकाम्या खोलीला उद्देशून म्हणाले, "झाली का गं सुरुवात?"  तिला फक्त घरी जायचं होतं. पेटी काहीही म्हणो. ज्याने तिच्यासाठी पिशवी फुगवली तो तिच्याकडे बघेल, त्याला दिसेल, आणि तो बोलेल.

ती पोचली तेव्हा दुपारचं ऊन जिन्यात उतरलं होतं. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून वडिलांचा आवाज येत होता, आणि तो इतका मऊ होता की क्षणभर तिला ओळखू आला नाही. लहानपणी तिला ताप आला की ते या आवाजात बोलत.

आवाज तिच्या खोलीतून येत होता.

ते तिच्या पलंगाच्या कडेला बसले होते. पलंग रिकामा होता, पांघरूण छातीपर्यंत ओढलेलं होतं, आणि ते अगदी थोडं, एका संथ लयीत, वरखाली होत होतं.

"फुंकून दिली की नाही पिशवी, तू मागितलीस तशी?" ते उशीला सांगत होते. "मीच मूर्ख. विचारायला हवं होतं तेव्हाच. आता सांग. का सोडलंस गं कॉलेज? मी नाही रागावणार."

ती खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. तिने जोर लावून हाक मारली. "बाबा."

त्यांनी मान वळवली. दाराकडे, थेट तिच्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरची शाल जवळ ओढली.

"थांब हं बाळा," ते पलंगाकडे बघून म्हणाले, "वारा येतोय."

ते उठले, हलक्या पावलांनी तिच्यापर्यंत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.