तिसऱ्या दिवशी खुडलेली पानं

घड्याळजी अंघोळ करून डोकं पुसत स्वयंपाकघरात आले, तेव्हा चार वर्षांची नात कपाच्या तळाला चिकटलेलं पान बोटाने काढत बसली होती.

"काय प्यायलीस गं, चिमे?"

"तुळशीचा काढा. आजीनं केला. मी सगळा संपवला."

घड्याळजींनी तिच्या हातातला कप काढून घेतला. बायको लेकीकडून रविवारी यायची होती, ती गुरुवारीच सकाळी, ते अंघोळीला गेले असताना, येऊन दाखल झाली होती. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच तिने नातीचा खोकला ऐकला आणि गॅलरीत जाऊन मूठभर पानं खुडली.

गॅलरीत तिच्या तुळशीच्या सात कुंड्या होत्या. सर्दीला तुळस, झोप येत नसेल तर तुळस, पोट बिघडलं तरी तुळस. नवऱ्याच्या हट्टीपणावर तेवढी ती चालत नसे. या झाडांना विषाचा थेंब लावायचा नाही, असा तिचा सक्त हुकूम होता.

आणि घड्याळजींनी मंगळवारी फवारणी केली होती. चाळीस वर्षं भिंग लावून लोकांची घड्याळं उघडलेला माणूस स्वस्थ बसतो थोडाच! त्याच भिंगातून त्यांना पानांच्या मागे टिंबाएवढे किडे दिसले, शेकड्यांनी. बायको यायच्या आत झाडं वाचवावीत, एवढाच त्यांचा बेत होता. सात दिवस पानं तोडू नयेत, असं बाटलीवर लिहिलं होतं. रविवारपर्यंत पाचच होत होते. उरलेले दोन काहीतरी थाप मारून निभावून नेऊ, असं त्यांनी ठरवलं होतं.

पानं धुतलीस का, असं त्यांनी बायकोला शक्य तितक्या सहज विचारलं.

"घरच्या झाडाचं काय धुवायचं?" ती म्हणाली. बाजारची भाजी मात्र ती तीन पाण्यांतून काढायची.

त्यांनी चिमीला मांडीवर घेतलं, तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजू लागले. आकडा सारखा चुकत होता. आपले ठोके कुठले आणि तिचे कुठले, तेच त्यांना कळेना. गुदगुल्या होतात म्हणून पोरगी खिदळत होती.

गप्प बसावं, असं त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा, आलंच. आतल्या खोलीत सून कामावर जायची तयारी करत होती. पोरीला दिवसभर या दोघांकडे ठेवायला ती वर्षभर तयार नव्हती. कुठे दोन महिन्यांपूर्वी कबूल झाली होती. पोरगी हसतेय, मूठभर तर पानं, काही होणारही नाही. मग चिमीने डोळे चोळले आणि ती त्यांच्या खांद्यावर कलंडली.

घड्याळजी उठले. तिला तसंच खांद्यावर घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी गेले.

"सूनबाई, गाडी बोलाव. मी तुळशीवर कीटकनाशक मारलं होतं. तो काढा पोरीच्या पोटात गेलाय."

बायकोच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

दवाखान्यात त्यांनी कागदात गुंडाळून आणलेली बाटली डॉक्टरीणबाईंच्या पुढे ठेवली. कधी मारलं, किती मारलं, सगळं सांगितलं. तो थापेचा बेतसुद्धा. संध्याकाळपर्यंत थांबा, त्या म्हणाल्या. आठ तास घड्याळजी बाकावर बसून होते. दार उघडलं की ते अर्धवट उठायचे. समोरच्या बाकावर सून आणि बायको शेजारी शेजारी बसल्या होत्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, पोरगी ठणठणीत आहे म्हणाल्या, आणि वेळेवर खरं सांगितलंत तेही बरं केलंत, असंही म्हणाल्या. ते शेवटचं कुणाच्या कानावर गेलं की नाही, देव जाणे.

चिमी मात्र सोमवारपासून पाळणाघरात जाऊ लागली.

पुढच्या रविवारी सगळे जेवून बसले होते. घड्याळजींनी संत्रं सोललं, एकेक शीर काढून फोड साफ केली आणि नातीपुढे धरली. चिमीने हात पुढे केला, मग मध्येच थांबून आईकडे पाहिलं.

सुनेची मान खाली गेली. "घे ना," ती हळूच म्हणाली. "आजोबाच आहेत."

घड्याळजींनी ती फोड आधी स्वतः खाल्ली. सावकाश चावून गिळली. मग दुसरी साफ केली आणि तिच्यापुढे धरली.