गाडी कोण लावणार

स्पर्धेच्या नियमांचा कागद मी मोठ्याने वाचत होते आणि सासरे चहा पीत ऐकत होते. खेळताना बूड गादीवरून उचलायचं नाही. पाय जमिनीला टेकवायचे नाहीत. माझे टेकले तरी मला कळणार नव्हतं, म्हणून ते पट्ट्याने बांधायचे ठरलं. मग आला नियम सातवा: खेळ सुरू झाल्यावर खेळाडूच्या चाकाच्या खुर्चीला दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "परत वाच."

परत वाचलं.

"मग गाडी कोण लावणार?"

"मी लावीन. हात धड आहेत माझे," मी फटकन म्हणाले. राग माझ्या नाकावर कायमचा मुक्कामाला असतो. घरात सगळ्यांना त्याची सवय आहे.

सासरे पस्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, माझ्या खुर्चीलाही ते गाडीच म्हणतात. सहा वर्षांपूर्वीच्या अपघातात माझ्या कमरेखालची ताकद गेली. त्यानंतर चार वर्षं मी घरात बसून सोफ्यांची कव्हरं शिवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसले. शेवटी एका दुपारी कंटाळून त्यांनी मला टायरच्या दुकानामागच्या पूल क्लबात नेलं. नोकरीत असताना बसच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते तिथे खेळायचे. पूल म्हणजे पोहायचा नव्हे, हिरव्या टेबलावरचा. सात बॉल एकरंगी, सात पट्ट्यांचे. काठीने पांढरा बॉल मारायचा, त्याच्या धक्क्याने आपले सात आधी पॉकेटात घालायचे आणि शेवटी काळा. काळा घातला की जिंकलो, पण त्याच्याबरोबर पांढराही आत गेला तर हरलो.

मला तो खेळ चिकटला. दुपारची शिवण बाजूला ठेवून आम्ही रोज जायला लागलो. ते मागून खुर्ची ढकलत, टेबलाशी तिरकी लावत, ब्रेक दाबत आणि "हं" म्हणत. "हं" आलं की मी काठी पुढे करून मारायची. दोन वर्षांत मी टायरवाल्याला हरवलं, क्लबवाल्याला हरवलं, एका सलूनवाल्याला तर इतक्यांदा हरवलं की तो आमची चाहूल लागली की कोट चढवून निघायचा. अपघातानंतर माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. बाकी अंघोळीपासून अंथरुणापर्यंत प्रत्येक गोष्टीत कुणाचा ना कुणाचा हात. हा खेळ तेवढा माझा. म्हणूनच मी कुणाला न विचारता खुर्चीवरच्यांच्या स्पर्धेत नाव घातलं आणि एक तरी सामना जिंकणार असं गावभर सांगून बसले.

स्पर्धेला वीस दिवस होते. दुसऱ्या दिवशी क्लबात सासऱ्यांना बाकावर बसवलं आणि चाकं स्वतः फिरवत टेबलाशी गेले. तिथे जाऊन थांबले ते थांबलेच.

कुठे जायचं तेच कळेना. समोर माझे सहा बॉल पसरले होते आणि मी त्यांच्याकडे नुसती बघत होते. एकाकडे गेले, तो नको वाटला. दुसरीकडे वळले, तोवर पहिलाच बरा वाटायला लागला. शेवटी कसाबसा एक मारला, तो भलतीकडे गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षं खुर्ची जिथे थांबे, तिथून जो बॉल सरळ दिसे, तो मी मारत आले होते. कुठला बॉल मारायचा हे मी एकदाही ठरवलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा होऊन मी फणा काढत होते.

"दोन वर्षं माझा खेळ तुम्हीच खेळत होतात!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"मी? मी तर फक्त गाडी लावत होतो."

"तेच तर म्हणतेय मी!"

त्यांचा चेहरा पडला. त्यांनाही हे माहीत नव्हतं, ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. हातात चाक आलं की गाडी योग्य जागी नेऊन उभी करायची, एवढंच त्यांच्या अंगात मुरलेलं. पण मी घरी येईपर्यंत धुमसत राहिले. जेवताना त्यांना हवी असलेली आमटी मी नवऱ्याकरवी पुढे केली. नवरा एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघून म्हणाला, "एका घरात दोन ड्रायव्हर म्हणजे कठीणच." रात्री त्याला मी खरं ते सांगितलं, की मला भीती वाटतेय. जे माझं म्हणून मिरवलं, तेही माझं नव्हतं, तर मग माझं आहे काय?

"अजून एकोणीस दिवस आहेत," तो म्हणाला. "आहे का नाही ते कळेलच. घोडामैदान जवळच आहे."

त्या एकोणीस दिवसांतल्या पहिल्या दहांत मी सगळ्यांकडून हरले. सलूनवाला कोट काढून खुशाल खेळायला लागला. चाकांचा मळ हाताला, हाताचा काठीला. काठी बोटांत अडकायची. मग मी सोफ्याच्या उरलेल्या कापडाचा तीन बोटांचा हातमोजा शिवला, तेव्हा ती सटासट सरकायला लागली. उजवा हात खुर्चीच्या हातावर आपटायचा, म्हणून खुर्चीचा तो हात काढूनच टाकला. सासरे बाकावर दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसत. पण मी चुकीकडे वळले की त्यांच्या तोंडून "च्" निघे, आणि मी लगेच दुसरीकडे वळे.

"बाबा, तोंडालाही ब्रेक लावा!"

"निघतं गं आपोआप," ते ओशाळून म्हणाले.

अकराव्या दिवशी ते बाकावरून म्हणाले, "एक सांगू? रागावणार नसशील तर."

"रागावणारच. सांगा."

"नव्या ड्रायव्हरला मी आधी स्टिअरिंगला हातच लावू द्यायचो नाही. खाली उतर, म्हणायचो. जागा फिरून बघ. मग चाक. तू चाकं आधी फिरवतेस आणि विचार मागून करतेस."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी चाकांवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि पूर्ण टेबल बघितलं. हा घातला तर पांढरा कुठे जाईल, तिथून मला पुढचा पोचेल का, तिथे खुर्ची शिरेल का. मग हललो आम्ही, मी आणि खुर्ची. त्या दिवशीही हरले, पण स्वतःच्या चुकांनी हरले, आणि मला फार बरं वाटलं.

स्पर्धा एका व्यायामशाळेत होती. माझ्यासमोर शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आल्या, माझ्यासारख्याच खुर्चीत, खांदे पैलवानाचे. तीन डावांतले दोन जिंकायचे. पहिला त्यांनी मला हात चोळायला लावून नेला. दुसऱ्यात त्यांचा पांढरा काळ्याबरोबर पॉकेटात गेला आणि डाव मला मिळाला. तिसऱ्यात त्यांचा काळा हुकला, आणि टेबलावर माझ्यासाठी फक्त काळा उरला.

हात मांडीवर ठेवले. दोन रस्ते होते. मोकळ्या बाजूने खुर्ची आरामात लागत होती, तिथून लांबच्या कोपऱ्यात सरळ मार. सासऱ्यांनी डोळे मिटून तिथेच लावली असती. पण बसून लांबचं मारताना माझी काठी थरथरते, हे माझं मलाच ठाऊक. दुसरा रस्ता मधल्या पॉकेटाचा. जवळचा, पण तिरका, आणि त्यासाठी खांब आणि टेबल यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत उलटं शिरावं लागणार होतं.

मी उलटी शिरले. तीनदा पुढे-मागे केलं. पंच घड्याळ बघत होता.

ब्रेक लावले आणि सवयीने सासऱ्यांकडे नजर गेली. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. सगळी व्यायामशाळा माझ्याकडे बघत होती आणि ते एकटे पाठ फिरवून, एका हाताने दुसरा हात घट्ट धरून, आग लागल्यास काय करावे ही पाटी वाचत होते. आपल्या चेहऱ्याने मला काही सांगू नये, म्हणून. मी नजर परत काळ्यावर आणली. कोन पुन्हा एकदा बघितला आणि मारलं.

काळा पॉकेटाच्या कडेला लागला, घुटमळला आणि आत पडला.

टाळ्या झाल्या. बाईंनी हात मिळवला. सासरे अजून भिंतीकडेच बघत होते. टाळ्या कुणासाठी ते त्यांना कळलं नव्हतं. मी खुर्ची बाहेर काढून त्यांच्याजवळ गेले.

"बाबा."

"कुणी घेतला?"

"मी."

ते वळले. डोळे भरलेले. "कुठून मारलास?"

"खांबाजवळून. मधल्या पॉकेटात."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, ती जागा डोळ्यांनी मोजली. "तिथे मी कधीच लावली नसती," ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना झालेला आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता.

माझे दंड भरून आले होते. "बाबा, दमले. ढकला जरा."

ते मागे आले, दांड्या धरल्या. खुर्ची हलली नाही.

"कुठे नेऊ?" त्यांनी विचारलं.

सहा वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. मी बोट दाखवलं, पुढच्या सामन्यांची यादी लावली होती त्या दाराकडे.