पहिला धूर कुणाला दिसला

वॉलारिनमध्ये जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, तीन वणवे लागले आणि तिन्ही वेळा धूर पहिल्यांदा मर्विन टोलहर्स्टला दिसला. गावाला एवढं पुरे होतं.

मर्विनचं घर टेकडीवर. बायको गेल्यापासून तो दिवसभर व्हरांड्यात बसायचा आणि तिथून अख्खं खोरं ताटात वाढल्यासारखं दिसायचं. उंचावर बसणाऱ्याला धूर आधी दिसतो, हे एखाद्या शेळीलाही कळलं असतं. पण वॉलारिनमध्ये शेळ्या नव्हत्या, मेंढ्या होत्या.

त्यातून तो उपरा. बावीस वर्षांपूर्वी शाळामास्तर म्हणून आलेला, म्हणजे गावाच्या मते परवाच. अर्ध्या गावाला त्याने ज्वलनाचा धडा शिकवला होता. तो धडाही आता पुराव्यात जमा झाला.

मग शहरातून एक कागद आला : वणवा लावणारा कसा ओळखावा. एकटा असतो, मदतीला पुढेपुढे करतो, खबर स्वतःच देतो, आग बघायला हजर राहतो. दुकानदारीण ग्लेनिसने तो काउंटरमागे चिकटवला. वर्णन गावच्या अग्निदलाचा कॅप्टन लाइल डॅकर यालाही तंतोतंत लागू होतं, पण लाइलकडे लाल ट्रक होता.

"ग्लेनिस, एक काडेपेटी दे," मर्विन एकदा म्हणाला.

"कशाला?"

"गॅस पेटवायला."

"लायटर घे ना," ती म्हणाली, आणि मग स्वतःच विचारात पडली. "नको. संपलेत."

समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ही तिथली रामरामाची रीत. भांडण असलं तरी बोट उचलायचं. महिनाअखेरीस मर्विनसाठी बोटं उचलेनाशी झाली. ओढ्याकाठची ब्याऐंशी वर्षांची हेस्बा तेवढी अजून उचलायची. तिला समोरची गाडी कुणाची ते दिसतच नाही, असं ग्लेनिसचं म्हणणं.

एके दिवशी लाइल फाटकाशी येऊन उभा राहिला.

"मर्व्ह, गड्या, मी काही तुझ्यावर आळ घेत नाही."

"बरं."

"लोक घेतात."

"कोण लोक?"

"लोक म्हणजे... आम्ही सगळेच." लाइलने बुटाच्या टोकाने माती उकरली. "तुझ्या भल्यासाठी सांगतो. पुढचा धूर दुसऱ्या कुणाला तरी दिसू दे."

"आणि दिसलाच नाही तर?"

"दिसतो रे. धूर काय लपून राहतो?"

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी उत्तरेचा वारा सुटला. भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखा. त्या दिवशी साधी शेगडी पेटवायलाही बंदी होती. अग्निदलाची माणसं ट्रकचं तोंड रस्त्याकडे करून शेडमध्ये पत्ते कुटत बसली होती. फोन आला की दोन मिनिटांत निघणार.

दोन वाजून दहा मिनिटांनी हेस्बाच्या घरामागच्या घळीतून दोऱ्याएवढा धूर वर आला. मर्विनने घड्याळ पाहिलं, मास्तरकीची खोड. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींवर घासून ठिणगी पडली होती, हे महिन्याभराने कळायचं होतं, आणि तेव्हा ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

त्याने आधी हेस्बाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुपारी ती कानातलं यंत्र काढून झोपते, हे त्याला ठाऊक होतं. गाडी काढावी तर टेकडीला वळसा घालून वीस मिनिटं, आणि शेवटी आगीशेजारी उभा असलेला मर्विन लोकांना आयता सापडणार.

त्याने दुकानात फोन केला.

"ग्लेनिस, जरा मागच्या दारातून ओढ्याकडे बघ."

"काय बघू?"

"नुसतं बघ. काही दिसलं तर ट्रकवाल्यांना सांग."

पावलं गेली, सावकाश परत आली. "काही नाही. मधे टेकाड आहे. तुला काय दिसतंय?"

मर्विनने पुन्हा घळीकडे पाहिलं.

"मर्व्ह, तिथे काय आहे ते तुला कसं माहीत?"

त्याने फोन खाली ठेवला.

दोऱ्याची आता दोरी झाली होती. सडकेवरून एक गाडी गेली. ती थांबेल असं त्याला वाटलं. थांबली नाही. आगीची खबर द्यायच्या नंबरातल्या तीन शून्यांपैकी त्याने दोन दाबली आणि खोडली. आणखी कुणाला तरी दिसेलच, तो स्वतःशी म्हणाला. धूर काय लपून राहतो. मग वाऱ्याने झोका दिला, घळीच्या काठावरचं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम पेटलं, आणि त्याने तिन्ही शून्यं दाबून आपलं नाव सांगितलं. दोन वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

ट्रक पोहोचला तेव्हा हेस्बाचं छप्पर नुकतंच खाली आलं होतं. ती आत होती.

सोमवारी सकाळी पोलीस आला. सोबत लाइल. तिघं मर्विनच्या स्वयंपाकघरात बसले. चहा कुणी मागितला नाही, त्यानेही विचारलं नाही.

"फोन दोन एकवीसला आलाय," पोलीस म्हणाला. "त्याआधी दुकानात एक. धूर तुम्हाला दिसला किती वाजता?"

मर्विनकडे उत्तर आयतं होतं. फोनच्या आधी नुकताच दिसला, म्हणायचं. मग उरला असता नेहमीचाच संशय, आणि तो आता अंगवळणी पडला होता.

"दोन दहाला," तो म्हणाला.

लाइलने मान वर केली. "अकरा मिनिटं? ती आत झोपली होती, मर्व्ह. अकरा मिनिटं काय करत होतास?"

"तू सांगितलं होतंस तेच. दुसऱ्या कुणाला तरी दिसायची वाट बघत होतो."

मग लाइलने पोलिसाच्या वहीकडे पाहिलं.

"हे लिहायची काही गरज नाही," तो म्हणाला.

पोलिसाने अकरा मिनिटं लिहून घेतली. बाकीचं लिहिलं नाही.