आधी वाटे घाल

अंधेरीच्या एका सरकारी सभागृहात भरदुपारी मिळकतवाटपाच्या कायद्यावर लोकांच्या सूचना ऐकणं चाललं होतं. माणशी दोन मिनिटं. कमळ कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आत शिरली, तेव्हा पंख्यांनीसुद्धा तोंड फिरवलं म्हणतात.

तिचं डोकं तापलेलं. कोळीवाड्यातलं घर तिचं आणि पुतण्या निमेशचं, निम्मंनिम्मं. निमेशला सगळं विकायचं होतं, म्हणून तो कोर्टात गेला. कोर्टाचा मोजणारा आला आणि लिहून गेला: 'घराची वाटणी शक्य नाही.' झालं! आता अख्खं घर लिलावात. ज्या ओट्यावर बसून कमळनं चाळीस वर्षं मासळी विकली, तो ओटाही.

"शक्य नाय?" साहेबांच्या टेबलावर पाटी आदळत ती गरजली. "एका सुरमईत चार जावांची भांडणं मिटवलीत मी! निमेश, ये रं पुढं."

काकी काय बोलते ते ऐकायला आलेला निमेश मागच्या खुर्चीत कळवळला. "काकी, इथं नको ना, यार."

"यार तुझा बाप! बारा बोंबील हायत. दोन वाटे घाल."

त्यानं घातले. स्वतःकडे जाडजूड, काकीकडे काड्या. कमळनं जाडजूड वाटा उचलला आणि पाटीत टाकला.

"जो वाटे घालतो तो शेवटी उचलतो. बाजाराचा नेम हाय. लिहा तुमच्या कायद्यात!"

हॉल खदखदून हसला. साहेब म्हणाले, "बाई, सूचना नोंदवली. पण आज कायदा आहे तो आहे."

"भांडण दोघांचं आन् म्हावरं मांजराला, हा कायदा? थू!"

दुसऱ्या दिवसापासून बाजारात एकही कोळीण निमेशला मासळी देईना. ज्या पाटीशी जाईल तिथं एकच उत्तर: "आधी वाटे घाल!" नवव्या दिवशी तो ताटातल्या भेंडीत काटे शोधू लागला. दहाव्या दिवशी त्यानं दावा मागे घेतला आणि खडू आणला. पहिली निवड काकीची, म्हणून घरातली रेघ त्यानं सात वेळा पुसली. शेवटी ती ओट्याच्या बरोब्बर मधून गेली.

"सरक," म्हणत कमळ आपल्या अर्ध्यावर बसली.

कायद्याची फाईल अजून 'विचाराधीन' आहे. फाईलला बोंबलांचा वास, म्हणून तिच्या कपाटापुढे मांजरं धरणं धरून बसतात. कमळ दर सोमवारी तिथं जाऊन बोंब ठोकते. कारण शेजारच्या सुंदराबाईच्या दारावर लिलावाची नोटीस चिकटलीय, आणि दावा लावणारा तिचा दीर माळकरी. मासळीला शिवत नाही.