पदरात बांधलेली चावी

मी वडापची जीप बोलतेय. गडमुडशिंगी ते कोल्हापूर माणसं कोंबून नेण्यात माझी हयात गेली. पत्रा खिळखिळा झालाय, पण तोरा अजून उतरलेला नाही.

जोतीरामनं मला जुनीच विकत घेतली. घरी आले तेव्हा त्याचे वडील आकाराम यांनी घरच्यांना सांगून म्हशीच्या बरोबरीनं मलाही ओवाळून घेतलं. तेव्हापासून त्या म्हाताऱ्यावर माझा जीव.

पुढं त्यांच्या पोटात कॅन्सर निघाला. सगळे उपचार झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आजार आता हटणार नाही, दुखणं मात्र थांबवता येईल. गोळ्या दिल्या. आकारामांचं एकच मागणं होतं, "मला घरात, म्हशीपाशी मरू दे."

पण ऐकतो कोण. बघायला पावणे यायचे, म्हातारा कळवळायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "बघत काय बसलाय? गाडी काढ की." लोक काय म्हणतील या धाकानं जोतीराम चावी फिरवायचा. प्रत्येक खड्ड्याला आकाराम विव्हळायचे आणि मला माझ्याच चाकांचा राग यायचा. कोल्हापुरात दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत सुया, सलाईन, तासन्‌तास ट्रॉलीवर पडून राहणं, मग परत घर. चार दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी तिथल्याच डॉक्टरांनी घरी येणाऱ्या नर्सबाईंचा नंबर दिला. त्या वर्षाराणींना मीच घेऊन आले. घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्यांनी विचारलं, "मावशी, दुखायच्या गोळ्या कुठं हायत?"

आकारामांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, देव्हाऱ्यातून न फोडलेली पाकिटं काढली. "जड गोळ्या हायत न्हवं. लईच वंगाळ झालं की द्यायच्या म्हणून राखून ठेवल्यात."

म्हणजे तहान लागल्यावर आड खणायचा. वर्षाराणी मात्र रागावल्या नाहीत. "दुखायची वाट बघायची न्हाय, मावशी. भाकरीगत वेळच्या वेळी द्यायच्या. आणि अचानक काय वाढलं तर मला फोन करायचा."

धोंडुबाईंनी मग वेळ चुकवली नाही. आकाराम शांत झोपू लागले, उठून बसू लागले. म्हैस व्याली तेव्हा खरवस खाऊन "साखर कमी पडली" म्हणाले. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

एका दुपारी त्यांचा श्वास जड झाला. धोंडुबाईंचे भाऊ गडहिंग्लजहून आले होते. ते ओरडले, "जोतीराम, गाडी काढ. लोक म्हणतील, पोरानं काय केलं न्हाय." जोतीराम येऊन बसला, चावी लावली.

धोंडुबाई अंगणात आल्या. खिडकीतून हात घालून त्यांनी चावी काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. "दादा, ह्यास्नी दुखत न्हाय. घरात ऱ्हायचं म्हणालं हुतं, घरातच हायत. आजून काय करायचं ऱ्हायलंय?"

भाऊ खाली बसले. जोतीरामनं वर्षाराणींना फोन लावला. त्यांनी येऊन उशा उंच केल्या, औषध दिलं. दिवस मावळायच्या आत, म्हैस हंबरत असताना, धोंडुबाईंच्या हातात हात ठेवून आकाराम गेले. कपाळावर एक आठी नव्हती. म्हातारा जिंकला होता, आणि अंगणात जागची न हलता मीही जिंकले होते.

आता वर्षाराणींना गावोगावी मीच नेते, अगदी मिरवत नेते. तुमच्या दारी कुणी "गाडी काढा" म्हणालं, तर आधी आजारी माणसाला विचारा, त्याला कुठं जायचंय. दवाखान्यात म्हणाला, तर मी आहेच. घरात म्हणाला, तर चावी खुशाल पदरात बांधा. मी रुसायची नाही.